लढायांच्या मागे राहिलेले हेजीब

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला दख्खनच्या शाह्यांवरचा लेख वाचला. तालिकोटच्या लढाईचे वर्णन ठसठशीत उतरले आहे. पण एकमेकांच्या उरावर बसणाऱ्या या शाह्या २३ जानेवारी १५६५ रोजी विजयनगरविरुद्ध एका बाजूने उभ्या राहिल्या कशा, हे लेखाने एका वाक्यात उरकले. माझ्या मते खरा इतिहास तिथेच आहे.

आम्हा सोलापूरकरांच्या तो अगदी दारातला. १५२४ मध्ये नगरच्या बुऱ्हाण निजामशाहाचे लग्न विजापूरच्या इस्माईल आदिलशाहाची बहीण बीबी मरियम हिच्याशी सोलापुरात लागले. इथला किल्ला साडेपाच परगण्यांसह हुंड्यात मिळायचा ठरला होता, असे नगरकरांचे म्हणणे. असा शब्द आम्ही दिलाच नव्हता, असे विजापूरकरांचे. त्या एका बोलण्यापायी दोन घराण्यांचे वैर चाळीस वर्षे धुमसत राहिले, किल्ला या हातातून त्या हातात जात राहिला. शेवटी हुसेन निजामशाहाने आपली लेक चांदबीबी अली आदिलशाहाला दिली, तिच्याबरोबर सोलापूरही दिले आणि अलीची बहीण नगरला सून म्हणून आणली. मग तालिकोट झाले. हा तह कोणी बोलून जुळवला, कोणते शब्द वापरले, कुठे माघार घेतली, हे कळल्याशिवाय लढाई कळत नाही.

निजामशाहीचा पल्ला तर इराणपर्यंत होता. बुऱ्हाणशाहाने खुर्शाह बिन कुबाद या गृहस्थाला इराणच्या शाह तहमास्पच्या दरबारी हेजीब, म्हणजे राजदूत, म्हणून धाडले. १५४५ च्या सुमारास तो तिथे पोचला आणि बरीच वर्षे राहिला. 'तारीख-ए-इलची-ए-निजामशाह' हा त्याचा फार्सी ग्रंथ सफवी इराणच्या अभ्यासकांना आजही लागतो. हा माणूस नगरच्या वतीने गेला होता, हे नगर जिल्ह्यातल्या किती शिक्षकांना सांगितले गेले आहे?

मोगल दरबारातल्या असद बेग काझवीनीचेही तेच; त्याचीही आठवण कोणी काढत नाही. अकबराने त्याला विजापूरला पाठवले ते तिथे रेंगाळलेल्या मोगली वकिलाला आणि शाहजादा दानियालसाठी ठरलेल्या आदिलशाही राजकन्येला घेऊन येण्यासाठी. १६०४ मध्ये ते लग्न गोदाकाठी पैठणला झाले. वधूसोबत आलेल्या मंडळींत इतिहासकार फिरिश्ता होता. विजापुरात असद बेगने तंबाखू पाहिली आणि जडावाच्या नळीसकट ती बादशहापुढे ठेवली. अकबराने दोन झुरके घेतले, तोच हकीम आडवा आला. दरबारात नजराणा कसा मांडतात, त्यावर कोण काय बोलतो, बादशहा कोणाचे ऐकतो, हे सारे त्या एका प्रसंगात दिसते. असे बारकावे लढाईच्या बखरीत सापडत नाहीत.

हे काम आपल्याकडे झालेच नाही, असे मुळीच नाही. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात ग. ह. खरे यांनी फार्सी कागद मराठी भाषांतरासह छापून 'ऐतिहासिक फार्सी साहित्य' खंडाखंडाने उभे केले. गोव्यात पांडुरंग पिसुर्लेकरांनी पणजीच्या दप्तरखान्यातून पोर्तुगीजांचे हिंदू, मुसलमान, ज्यू आणि पारशी वकील शोधून काढले आणि १९५२ मध्ये त्यांच्यावर पोर्तुगीज भाषेत आख्खा ग्रंथ दिला. विजापूरच्या दरबारात आणि पुढे शिवरायांकडे पोर्तुगीजांचे बोलणे घेऊन जाणारे शेणवी त्यामुळे नावानिशी कळतात. या दोघांनी कागद मुळातून वाचले, म्हणून त्यांचा शब्द आजही टिकून आहे.

आज मोडी शिकण्याचा उत्साह जागोजागी दिसतो, त्याचा मला मनापासून आनंद आहे. पण आदिलशाही खुर्दखताचा, म्हणजे दरबारी आज्ञापत्राचा, वरचा भाग फार्सी आणि खालचा मोडीतला मराठी असेल, तर अर्धाच कागद वाचून चालेल का? सुलतान मुसलमान होते म्हणून त्यांची भाषा परकी मानायची आणि त्यांच्याच कागदांवर आपल्या वतनांचे दावे सिद्ध करायचे, ही विसंगती मला सहन होत नाही. विद्यापीठांच्या इतिहास विभागांनी फार्सी सक्तीची करावी, निदान मध्ययुगीन इतिहास घेणाऱ्यांना तरी.

आपल्याकडे एकच मागणे. पुरवणीत दख्खनच्या हेजीबांवर एक लेखमाला द्यावी, ती मूळ फार्सी वाचू शकणाऱ्या अभ्यासकाकडून लिहून घ्यावी, आणि पहिला मान खुर्शाहला द्यावा.

आपला,
एक वाचक, सोलापूर