इंडेक्स ठरवताना आधी क्वेरी पाहाव्यात

मा. संपादक,
स.न.वि.वि.

एखादी संगणकप्रणाली मंदावली की बहुतेक ठिकाणी पहिली मागणी मोठ्या सर्व्हरची होते आणि दुसरी, तितक्याच घाईने, आणखी एक इंडेक्स, म्हणजे नोंदी झटपट सापडाव्यात म्हणून ठेवलेली वेगळी सूची, घालण्याची. आपल्या वाचकांपैकी जे डेटाबेसवर काम करतात, तो विषय शिकवतात किंवा शिकतात, त्यांच्यापुढे या दुसऱ्या सवयीविषयी काही म्हणणे मांडावे, यासाठी हे पत्र. टेबलात कोणते कॉलम आहेत एवढ्यावरून इंडेक्स ठरवता येत नाही. त्या टेबलावर कोणत्या क्वेरी, म्हणजे डेटाबेसला केलेल्या विचारणा, किती वेळा चालतात आणि त्यात नोंदींची भर व बदल किती होतात, हे आधी पाहावे लागते.

बहुतेक रिलेशनल, म्हणजे माहिती टेबलांत ठेवणाऱ्या, डेटाबेसमध्ये प्रकार न सांगता इंडेक्स तयार केला, तर तो बी-ट्री जातीचा होतो. रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्क्रेट यांची ही रचना १९७२ साली प्रसिद्ध झाली आणि आजही ती टिकून आहे, कारण तिच्यात मूल्ये क्रमाने लावलेली असतात. त्यामुळे नेमके मूल्य शोधणे, अमुकपासून तमुकपर्यंतची मूल्ये काढणे आणि क्रमवारी लावणे ही तिन्ही कामे एकाच इंडेक्सवर भागतात. हॅश इंडेक्स मात्र फक्त नेमक्या मूल्याच्या शोधाला चालतो; दोन तारखांमधल्या नोंदी मागितल्या की त्याचा काही उपयोग उरत नाही.

सर्वांत जास्त चुका होतात त्या एकाहून अधिक कॉलमांच्या इंडेक्समध्ये. ऑर्डरींच्या टेबलात ग्राहक क्रमांक आणि तारीख असे दोन कॉलम आहेत, असे समजू. एका ग्राहकाच्या गेल्या महिन्यातल्या ऑर्डरी हव्या असतील, तर आधी ग्राहक आणि मग तारीख असा इंडेक्स उत्तम, कारण त्या ग्राहकाच्या नोंदी त्यात सलग आणि तारखेच्या क्रमाने सापडतात. हाच क्रम उलटा ठेवला, तर इंडेक्समधल्या त्या महिन्याच्या सगळ्या ग्राहकांच्या नोंदी चाळत बसावे लागते. म्हणून नेमकी तुलना ज्या कॉलमवर होते तो आधी आणि पल्ल्याची (अमुकपासून तमुकपर्यंतची) अट ज्यावर असते तो नंतर, हा क्रम बहुतेक वेळा बरोबर ठरतो. पण त्याच टेबलावर सर्व ग्राहकांच्या एका दिवसाच्या ऑर्डरींचा अहवाल वारंवार काढला जात असेल, तर पहिला इंडेक्स त्या अहवालाला फारसा कामी येत नाही. कॉलम तेच दोन असले तरी विचारणा बदलली की निर्णय बदलतो, आणि तो बदलताना कोणती क्वेरी अधिक वेळा चालते व कोणती थोडी थांबू शकते, हे कामाची माहिती असलेल्या माणसानेच सांगायला हवे.

ज्या कॉलममध्ये तीन-चारच मूल्ये आहेत, उदाहरणार्थ ऑर्डरीची स्थिती, त्यावरचा इंडेक्स अनेकदा डेटाबेस वापरतच नाही, आणि ते योग्यच असते. निम्म्या नोंदी वाचायच्या असतील, तर इकडे तिकडे उड्या मारण्यापेक्षा संपूर्ण टेबल सलग वाचणे स्वस्त पडते. मात्र त्यांतल्या थोड्याशा प्रलंबित नोंदीच सतत शोधल्या जात असतील, तर पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेस प्रणालीत तेवढ्याच नोंदींचा छोटा, आंशिक इंडेक्स करता येतो. ही सोय हवी तितकी वापरली जात नाही, याचे मला नेहमी वाईट वाटते. काळाच्या क्रमाने वाढत जाणाऱ्या प्रचंड लॉग-टेबलांसाठी त्याच प्रणालीच्या ९.५ आवृत्तीपासून ब्रिन इंडेक्स मिळतो. तो टेबलाच्या पानांच्या (डिस्कवरील ठरावीक आकाराच्या तुकड्यांच्या) प्रत्येक गटातले किमान आणि कमाल मूल्य तेवढे ठेवतो, म्हणून अगदी लहान राहतो. मूल्ये टेबलभर विखुरलेली असतील, तर मात्र तो निरुपयोगी ठरतो. मजकुरातले शब्द शोधण्यासाठी जिन हा उलटा, म्हणजे शब्दावरून नोंदींकडे नेणारा, इंडेक्स लागतो, पण त्यात लिहिण्याचा खर्च अधिक असतो.

या लिहिण्याच्या खर्चाकडे फार दुर्लक्ष होते. नवी नोंद आली की टेबलावरच्या जवळजवळ प्रत्येक इंडेक्समध्येही तिची भर घालावी लागते. जिथे सतत नोंदी येत असतात, तिथे कोणीही न वाचणारे इंडेक्स प्रत्येक व्यवहाराचा वेळ, डिस्क आणि मेमरी खात राहतात. पोस्टग्रेएसक्यूएल प्रत्येक इंडेक्स किती वेळा वापरला गेला, याची मोजणी ठेवते. मात्र मोजणी शून्य दिसली म्हणून इंडेक्स लगेच काढू नये: तो मूल्यांची अनन्यता (एकच मूल्य दोनदा येऊ नये ही अट) राखत असेल, वर्षअखेरच्या अहवालासाठी असेल किंवा वाचनासाठी ठेवलेल्या दुसऱ्या सर्व्हरवर वापरात असेल. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेस प्रणालीच्या ८.० आवृत्तीपासून इंडेक्स न काढता आधी अदृश्य करून परिणाम पाहता येतो. ही सावधगिरी फार मोलाची आहे.

शिकवणाऱ्यांना आणि संघप्रमुखांना माझी विनंती आहे की, इंडेक्स तयार करण्याची आज्ञा जितकी आवर्जून शिकवली जाते, तितकेच क्वेरीचे एक्झिक्युशन प्लॅन, म्हणजे डेटाबेस ती कोणत्या पायऱ्यांनी चालवणार याचे आराखडे, वाचणेही शिकवावे. इंडेक्स बदलण्याचा प्रस्ताव आला की त्यासोबत संबंधित क्वेरी, तिचा बदलापूर्वीचा आणि नंतरचा प्लॅन आणि नोंदी लिहिण्याच्या वेगावर झालेला परिणाम मागावा. ही मोजणी प्रत्यक्षाइतक्याच मोठ्या डेटावर व्हावी, कारण शेकडो नोंदींच्या चाचणी-टेबलात डेटाबेस सहसा इंडेक्सकडे वळतच नाही आणि तिथून काढलेला निष्कर्ष कोट्यवधी नोंदींच्या टेबलाला लागू पडत नाही.

आपला विश्वासू,
डेटाबेस क्षेत्रात काम करणारा एक वाचक