भाव सांगून झाल्यावर ओठ मिटावेत

प्रिय मैत्रिणीस,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. नव्याने व्यवसाय सुरू करणाऱ्या बारा जणींना तू दर आठवड्याला एकत्र बसवतेस, हे वाचून फार बरे वाटले. त्यांच्याविषयी तू लिहिले आहेस, 'हातात कला आहे, कष्टाची तयारी आहे, पण आत्मविश्वास नाही. तो आधी कसा निर्माण करू?' या वाक्यातल्या 'आधी' या शब्दापाशी मी अडले. आत्मविश्वास कामाच्या मागोमाग येतो, तोही थोडा थोडा, असा माझा अनुभव आहे. आणि तो येईल मग सुरुवात करू, असे म्हणत थांबलेल्या कितीतरी जणी मी थांबलेल्याच पाहिल्या आहेत.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ मध्ये 'हे मला जमेल' या विश्वासाची चार उगमस्थाने सांगितली: स्वतः ते काम पार पाडल्याचा अनुभव, आपल्यासारख्या कुणाला ते पार पाडताना पाहणे, इतरांनी दिलेला धीर, आणि त्या क्षणीची शरीराची व मनाची अवस्था. यांतले सर्वांत बळकट पहिले. आपण मात्र सगळा भर तिसऱ्यावर देतो. 'तुला नक्की जमेल' हे शब्द मायेचे असतात यात शंका नाही, पण पहिले गिऱ्हाईक पाठ फिरवून गेले की त्यांचा आधार फार काळ पुरत नाही.

माझे शिवणकामाचे पहिले वर्ष तुला आठवत असेल. एक बाई पडद्यांचे मोठे काम घेऊन आल्या होत्या. खिडक्यांची मापे लिहून झाली, अस्तर ठरले, चुण्या किती घालायच्या ते ठरले, आणि त्यांनी विचारले, 'शिलाई किती?' मी आकडा सांगितला, आणि त्यांनी काही बोलण्याआधीच म्हणून मोकळी झाले, 'पण तुमच्यासाठी कमी करीन.' कुणी मागितलेले नसताना मी माझ्या चार दिवसांच्या मजुरीवर पाणी सोडले होते. ज्या वडीलधाऱ्या बाईंकडे मी काम शिकले, त्या शेजारीच काज करत बसल्या होत्या. गिऱ्हाईक गेल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, 'भाव सांगून झाला की ओठ मिटायचे.' पुढच्या वेळी मी तसे केले. आकडा सांगितला आणि हातातल्या टेपची गुंडाळी करत गप्प राहिले. घसा कोरडा पडला होता, छाती धडधडत होती, आणि ती शांतता संपता संपत नव्हती. समोरच्या बाईंनी विचारले, 'कधी मिळतील?' त्या दोन शब्दांनी मला जे दिले, ते कोणाच्याही कौतुकाने दिले नव्हते. छातीत धडधडते म्हणजे आपली पात्रता नाही असा अर्थ काढू नये, हेही मला त्याच दिवशी कळले.

म्हणून तुझ्या गटात व्याख्यानांपेक्षा भाव सांगण्याचा सराव ठेव. प्रत्येकीने उभे राहून आपण काय करतो, कोणासाठी करतो आणि त्याचे किती घेतो, हे सांगावे आणि मग गप्प राहावे. 'घरबसल्या थोडेफार करते' हे वाक्य कुणी उच्चारले, तर तिला प्रेमाने थांबव आणि 'माझा व्यवसाय आहे' असे म्हणायला लाव. स्वतःचा भाव सांगताना जी फारच कचरेल, तिला आधी शेजारणीच्या वतीने सांगू दे. स्वतःसाठी मागताना मागे सरणारी स्त्री दुसऱ्यासाठी मागताना ठाम राहते, हे वाटाघाटींच्या अभ्यासांतही दिसले आहे.

आणि सांगायचा तो आकडा वहीतून आलेला असावा. कापड, दोरा, बटणे, वीज, येण्याजाण्याचा खर्च हे सगळे बायका काटेकोरपणे लिहितात, पण स्वतःच्या तासांचा रकाना कोराच ठेवतात, कारण घरातले काम बिनमोल करण्याची सवय हाताला लागलेली असते. तो रकाना भरायला लाव. आपल्या एका पडद्यामागे किती तास गेले हे जिला ठाऊक आहे, तिला भाव टिकवण्यासाठी वेगळे धैर्य गोळा करावे लागत नाही. समोरच्याने घासाघीस केली तरी ती वहीकडे पाहून उत्तर देते.

चांगले काम करूनही 'नशिबाने जमले' म्हणणाऱ्या तुला भेटतील. पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोघी मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये यावर लेख लिहिला. आपापल्या क्षेत्रात यश मिळवलेल्या दीडशेहून अधिक स्त्रियांशी आलेल्या संबंधांतून त्यांना दिसले, की यातल्या कित्येकींना आपण लोकांना फसवत आहोत आणि कधीतरी उघडे पडू, अशी भीती वाटत असे. ही भावना पुरुषांनाही होते, हे पुढे स्पष्ट झाले. नुसत्या यशाने ती जात नाही, म्हणून काम पुरे झाल्यावर आपण नेमके काय केले याची दोन ओळींत नोंद ठेवण्याची सवय मी लावून घेतली.

चुकीचीही नोंद हवी. एकदा मी सुती कापड न भिजवता बेतले आणि पहिल्याच धुण्यात ते आटून पडदे वर गेले. आठवडाभर 'मला हे जमत नाही' हेच मनात घोळत होते. शेवटी वहीत लिहिले, 'सुती कापड भिजवून, वाळवून, मगच बेतावे', आणि पडदे पदरच्या कापडाने नवे शिवून दिले. पहिल्या वाक्याने मी अंथरुणाला खिळले होते. वहीतल्या वाक्याने पुन्हा यंत्रावर बसवले.

एका गोष्टीची मात्र मला कळकळ आहे. सगळा दोष या बायकांच्या मनावर टाकू नकोस. फ्रान्समध्ये विवाहित स्त्रीला पतीच्या संमतीशिवाय स्वतःच्या नावाने बँकेत खाते उघडता येऊ लागले, ते १९६५ च्या कायद्याने. अमेरिकेत व्यवसायासाठी कर्ज मागणाऱ्या स्त्रीकडे पतीची किंवा घरातल्या पुरुषाची सही मागितली जाई, आणि त्याला आळा घालणारा कायदा व्हायला १९८८ साल उजाडले. जिच्यावर व्यवहारानेच इतका काळ अविश्वास दाखवला, तिने स्वतःविषयी साशंक असावे यात नवल ते काय? मी कर्जासाठी गेले तेव्हा समोरच्या अधिकाऱ्याने माझी वही उघडण्याआधी विचारले होते, 'मिस्टर काय करतात?' तेव्हा मी गप्प बसले, याची खंत अजून आहे. म्हणून तुझ्या गटातल्या कुणालाही बँकेत पहिल्यांदा एकटीला पाठवू नकोस. दोघींनी जावे, वही सोबत न्यावी, आणि व्यवसायाचे खाते घरखर्चापासून वेगळे, तिच्या स्वतःच्या नावाने असावे.

पाहुणी बोलवायची असेल, तर फार मोठे नाव शोधू नकोस. या बारा जणींपेक्षा वर्षभर पुढे असलेली एखादी बोलव आणि तिला पहिल्या वर्षाची वही घेऊन यायला सांग, खाडाखोडीसकट. आपल्यासारखीच बाई सावरलेली पाहिली की धीर येतो. फार उंचावरच्या व्यक्तीकडे पाहून तसा येतोच असे नाही.

मागे बसणारी एक जण आपला माल सगळ्यांना नमुना म्हणून फुकटच वाटून टाकते, असे तू लिहिले आहेस. ती माझ्या मनातून जात नाही. येत्या बैठकीत तिच्याकडून एक नमुना तू स्वतः विकत घे. भाव तिलाच सांगू दे, आणि ती सांगत असताना मदत करू नकोस, कितीही वेळ लागला तरी. तिने काय आकडा सांगितला, ते मला कळव.

तुझीच,
मैत्रीण