कॅमेरा कुणाच्या चेहऱ्यावर थांबतो?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत मराठी मालिकांवर नेहमी लिहून येतं. कथानक किती ताणलं, नायिका किती सोशिक दाखवली, टीआरपीत कोण पुढे गेलं, याची चर्चा होते. ती व्हायलाच हवी. पण मालिकेतली माणसं फक्त कथेतून घडत नाहीत. कॅमेरा कुठे ठेवला, उजेड कुणावर पाडला, कट कुणाच्या वाक्यावर घेतला, कुणाच्या प्रवेशाला कोणतं पार्श्वसंगीत लावलं, यातून प्रेक्षकाला संवादाविनाच कळतं की या माणसाकडे लक्ष द्यायचं आहे आणि त्या माणसाकडे नाही दिलं तरी चालेल. समाजातल्या कोणाला मन आहे आणि कोण नुसतं ये-जा करण्यापुरतं आहे, हे तिथे ठरतं. त्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

मी घणसोलीची, आगरी घरातली. नवी मुंबईत आयुष्यभर मराठी शिकवलं. माझ्या वर्गात गावठाणातली आगरी-कोळी मुलं असत, माथाडी कामगारांची सातारा, सांगली, जुन्नरकडून आलेली मुलं असत, दिघा आणि तुर्भ्याच्या वस्त्यांतली, आई चार घरची धुणीभांडी करणारी मुलं असत. या सगळ्या घरांत संध्याकाळी मराठी मालिका लागतात आणि मन लावून बघितल्या जातात. बघणाऱ्यांत ही माणसं आहेत. पडद्यावर ती कशी दिसतात, ते सांगते.

घरकाम करणाऱ्या बाईपासून सुरुवात करू, कारण ती जवळपास प्रत्येक मालिकेत असते. घरातली मंडळी दिवाणखान्यात अर्धगोलात उभी आहेत. कुणीतरी धक्कादायक काही बोलतं. मग कॅमेरा एकेकाच्या चेहऱ्यावर जातो, दर चेहऱ्याला ढोलाचा ठोका, सासूबाईंचा चेहरा तर तीनदा. कडेला ट्रे धरून उभी असलेली बाई मात्र चौकटीत अर्धीच असते, अनेकदा धूसर. तिच्यावर कॅमेरा आलाच, तर सगळ्यात शेवटी येतो, आणि तोही तिचे वटारलेले डोळे टिपायला. मागे एक गमतीदार आवाज, की झालं तिचं काम. नायिकेच्या डोळ्यांत पाणी आलं की कॅमेरा हळूहळू जवळ सरकतो, बासरी लागते, आपल्याला तिच्या मनात शिरायला वेळ दिला जातो. कामवाल्या बाईचं रडणं लांबूनच दिसतं, आणि पुढच्या संवादात दुसरं कुणीतरी तिला आत जायला सांगतं. तिला आडनाव नसतं. ब्लाउज भडक आणि मुद्दाम न जुळणारा, आवाज चढा, आणि दाराआडून ऐकायची सवय ठरलेली.

माझ्या एका विद्यार्थिनीने निबंधात विचारलं होतं की मालिकेतली मावशी काम संपल्यावर जाते कुठे. तिची आई रोज ऐरोलीतल्या सोसायट्यांमध्ये कामाला जायची, त्यामुळे तिला ते ठाऊक होतं. मालिकेला ठाऊक नव्हतं. महाराष्ट्रात 2008 साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. कायद्याने या बायकांना कामगार मानलं, पण मालिकेत त्या अजून घरातल्या फर्निचरच्या जागी उभ्या आहेत.

हे सगळं कुणी दुष्टपणाने करतं असं मी म्हणत नाही. यात मोठा भाग आहे कामाच्या पद्धतीचा. रोजच्या मालिकेला अर्ध्या तासाच्या भागासाठी जाहिराती वगळून वीस-बावीस मिनिटांचं चित्रण लागतं, आणि ते रोज लागतं. म्हणून एकच घर उभारायचं: दिवाणखाना, जिना, स्वयंपाकघर, देवघर, दोन बेडरूम. दोन-तीन कॅमेरे एकाच वेळी चालवायचे, सगळ्या खोलीला सारखा उजेड लावून ठेवायचा, म्हणजे दर शॉटला दिवे हलवायला नकोत. खर्च आणि वेळ दोन्ही वाचतात. पण त्यातून असं होतं की ज्यांचं घर सेट म्हणून उभं आहे त्यांनाच सकाळ-संध्याकाळ असते, झोप असते, एकांत असतो. बाकी सगळे त्या घरात दारातून आत येतात आणि दारातून बाहेर जातात. कामवाली, रिक्षावाला, वॉचमन, भाजीवाली यांना एकटं बसून विचार करायला जागाच बांधलेली नाही. सेट कुणाच्या घराचा लावायचा हे ठरलं, की कुणाचं मन दाखवायचं हेही निम्मं ठरून जातं.

दूरदर्शनवर 1986 साली ‘नुक्कड’ ही हिंदी मालिका आली होती. माझ्या वयाच्या वाचकांना इलेक्ट्रिशियन गुरू, सायकली दुरुस्त करणारा हरी, हॉटेलवाला कादरभाई नक्की आठवत असतील. तिथे सेटच नाक्याचा होता. मग श्रीमंत माणूस पाहुणा झाला आणि कामगार घरचा झाला. उधारीवरून होणारं भांडण, रिकाम्या खिशाची लाज, रात्री उशिरा दुकानाच्या फळीवर बसून केलेल्या गप्पा, या सगळ्याला कॅमेऱ्यापुढे वेळ मिळाला. कादरभाई पडद्यावर यायचा तो हॉटेलवाला म्हणून आणि मित्र म्हणून. आजच्या मालिकेत मुसलमान पात्र आलं की आधी सारंगी ऐकू येते, मग अत्तर, शिरखुर्मा आणि हिंदी-उर्दू. ठाणे जिल्ह्यात पिढ्यान् पिढ्या राहणारी कोकणी मुसलमान कुटुंबं आहेत. मुंब्र्याजवळ कौसा हे त्यांचं जुनं गाव. त्यांच्या घरात कोकणी बोलतात, ताटात भाकरी आणि मासे असतात. ती माणसं मराठी मालिकेत मला कधी भेटली नाहीत.

बोलीचंही तसंच आहे. 2016 साली झी मराठीवर ‘रात्रीस खेळ चाले’ सुरू झाली तेव्हा तिच्यातल्या भुताखेतांबद्दल आक्षेप होते, माझेही आहेत. तरी तिने एक मोठी गोष्ट केली. नाईकांचा वाडाच कथेच्या मध्यभागी होता, आणि त्या वाड्यात मालवणी रोजची भाषा होती. राग मालवणीत, शोक मालवणीत, आईचं लेकरावर खेकसणं मालवणीत. प्रेक्षक ती बोली ऐकून हसले तसेच घाबरले आणि रडलेही. 2017 च्या ‘लागिरं झालं जी’मध्ये साताऱ्याकडच्या बोलण्याला तोच मान मिळाला, कारण नायक-नायिकाच ते बोलत होते. कोपरखैरण्यातल्या माथाडी वसाहतीतले माझे विद्यार्थी त्या काळात आपली बोली वर्गात मोकळेपणाने बोलू लागले होते, हे मी डोळ्यांनी पाहिलं. शहरातल्या बंगल्याच्या मालिकेत मात्र गावाकडचं बोलणं फक्त आचाऱ्याकडे आणि ड्रायव्हरकडे असतं. नायिका खेड्यातून आलेली असली तरी तिसऱ्या आठवड्यापासून ती पुण्याची प्रमाण भाषा बोलते.

आता माझ्या माणसांबद्दल. आगरी पात्र विनोदी कार्यक्रमांत भरपूर आणि मालिकांतही अधूनमधून दिसतं. ते कसं दाखल होतं पाहा. आधी गाडीचं चाक, मग पांढरे बूट, मग बोटातल्या अंगठ्या, मग गळ्यातली जाड साखळी, आणि सगळ्यात शेवटी चेहरा. कॅमेरा खालून वर चढतो तोवर प्रेक्षकाने त्या माणसाबद्दल मत बनवलेलं असतं: जमीन विकून पैसा आलेला, अक्कल न आलेला. मागे हळदीत वाजतो तसा बँजो. मग तो बोलतो, आणि ठरल्यासारखे सगळे हसतात.

त्या साखळीच्या मागे काय आहे हे मला लहानपणापासून माहीत आहे. 1970 साली सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं आणि नवी मुंबई हे नवं शहर वसवण्यासाठी ठाणे, पनवेल, उरण पट्ट्यातल्या 95 गावांच्या जमिनी घेण्याचं ठरलं. खारजमिनीतली भातशेती गेली, मिठागरं गेली, खाडीतली मासेमारी आटत गेली. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उरणजवळच्या जासई परिसरात रस्त्यावर उतरले, पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच जण हुतात्मा झाले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळाली ती त्या लढ्यामुळे. आमच्यात लग्नाला धवलारीण रात्र रात्र धवले, म्हणजे लग्नविधींची गाणी, गाते, आणि तिला ते सगळे तोंडपाठ असतात. एवढ्या सगळ्या इतिहासातून आणि संस्कृतीतून कॅमेऱ्याने उचललं काय, तर अंगठ्या. एखाद्या दिग्दर्शकाने तोच माणूस आधी चेहऱ्यापासून दाखवला, त्याला बांधावर किंवा टॉवरखाली गेलेल्या त्याच्या शेताच्या जागी दोन मिनिटं नुसतं उभं राहू दिलं, तर तीच सोन्याची साखळी प्रेक्षकाला वेगळी दिसेल. त्यासाठी एकही संवाद बदलावा लागणार नाही.

रंगाबद्दल एकच सांगते. 2019 साली सुरू झालेली ‘रंग माझा वेगळा’ ही मालिका सावळ्या मुलीच्या वाट्याला येणाऱ्या अपमानावर होती. विषय खरा आणि गरजेचा होता. पण नायिकेचं काम गोऱ्या अभिनेत्रीला मेकअपने सावळं करून दिलं. महाराष्ट्रात सावळ्या अभिनेत्री नाहीत का? ज्या मुलींसाठी ती गोष्ट होती, त्यांच्यासारख्याच एखादीला ते काम मिळायला हवं होतं. मला याचं फार वाईट वाटलं आणि अजून वाटतं.

यावर वाहिन्यांचं उत्तर ठरलेलं असतं, की प्रेक्षकांना हेच हवं आहे, आकडे बघा. आकडे बार्क ही संस्था देते. निवडक घरांतल्या टीव्हीला मीटर जोडून कोणती वाहिनी किती वेळ चालू होती हे मोजलं जातं. त्या घरांचे वर्ग पाडले जातात ते कुटुंबातल्या मुख्य कमावत्याचं शिक्षण आणि घरात फ्रिज, वॉशिंग मशीन, गाडी यांसारख्या किती वस्तू आहेत यावरून, आणि कोणत्या वर्गात मालिका किती चालते याकडे जाहिरातदाराचं लक्ष असतं. टीव्ही चालू होता आणि घरातलं कोण समोर होतं, एवढंच मीटरला कळतं. दिघ्यातल्या एखाद्या घरात कामवाल्या बाईची नक्कल चालू असताना समोर बसलेली आई आपल्या मुलीकडे बघायचं टाळते, हे त्यात नोंदलं जात नाही. मनोरंजन वाहिन्यांविरुद्ध तक्रार ऐकायला 2011 पासून वाहिन्यांनीच नेमलेलं एक मंडळ आहे. पडद्याखालच्या पट्टीवर तक्रार कुठे करायची तेही येतं. पण तिथे अश्लीलता, हिंसा, अंधश्रद्धा यांची तक्रार करता येते. कॅमेरा माझ्या आईच्या वयाच्या बाईवर थांबत नाही, ही तक्रार तिथे कशी लिहायची?

म्हणून ती आपल्याकडे लिहिते आहे. मराठी मालिकांचे कितीतरी सेट आपल्या ठाण्यात, घोडबंदर रोडच्या परिसरात आहेत. शेजारी येऊरच्या डोंगरात आदिवासी पाडे आहेत, पलीकडे खाडीकाठचे कोळीवाडे आहेत. सेटवर दिवे उचलणारी, चहा देणारी, कपड्यांना इस्त्री करणारी माणसं वागळे इस्टेट, कळवा, दिव्याहून येतात. आपल्या पुरवणीचे प्रतिनिधी तिथे कलाकारांच्या मुलाखतींना जातातच. त्यांनी छायालेखक, संकलक, वेशभूषाकार आणि पार्श्वसंगीत देणारे यांच्याशीही बोलावं. कामवाल्या बाईचा क्लोजअप घ्यायचा की नाही हे कोण ठरवतं, तिच्या साडीचा रंग कोण निवडतं, गमतीदार आवाज कुठे टाकायचा हे दिग्दर्शक सांगतो की संकलनाच्या टेबलावर ठरतं, हे विचारावं. आणि मालिकेचं परीक्षण छापताना कथानकाबरोबर याचीही दखल घ्यावी.

निर्मात्यांकडेही एक मागणी आहे, आणि ती महाग नाही. महिन्यातून एका भागात कॅमेरा त्या मावशीबरोबर दाराबाहेर पडू द्या. रिक्षा, तिची चाळ, तिची चूल, तिच्या मुलांचा अभ्यास, नवऱ्याशी चाललेलं बोलणं. तिला आडनाव द्या. ती रडली तर तिच्याही जवळ जा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, घणसोली, नवी मुंबई