आधी पूर्ण वाचा, मग दादाला फोन करा

ओबान, रकिउरा बेट, न्यूझीलंड
१८ फेब्रुवारी

ती. आई-बाबा,

साष्टांग नमस्कार.

बाबा, अशी सुरुवात वाचून तुम्ही म्हणणार, "पैसे संपले वाटतं." नाही संपले. हातपायही जागेवर आहेत. फोनवर बोलायला गेले की आई, तू मध्येच गप्प होतेस आणि मग मलाही काही सुचत नाही, म्हणून लिहितेय. दादाला पाठवतेय, तो मोठ्या अक्षरात प्रिंट काढून देईल.

आधी मागच्या आठवड्याचं. दोन रात्री माझा फोन लागला नाही आणि बाबा पहाटे तीनपर्यंत गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते, हे मला दादाकडून कळलं. तुम्ही दोघांनी सांगितलंच नसतं. चूक माझीच. "एका रात्रीत परत येते" असं ठोकून दिलं होतं, "पाऊस आला तर नाही" हे पुढचं वाक्य मी गिळलं. आर्थर्स पासच्या डोंगरात रेंज नसते. दुसऱ्या दिवशी असा पाऊस लागला की परतीच्या वाटेवरची नदी चढली. तिथे पूल नाही, एरवी लोक गुडघाभर पाण्यातून जातात. पण पाणी गढूळ झालं आणि आतून दगड गडगडल्याचा आवाज यायला लागला, की पाय घालायचा नाही. मी काठावर पाचएक मिनिटं उभी राहिले आणि मागे फिरले. विहिरीच्या त्या प्रसंगानंतर पाण्याशी हुशारी करायची नाही, हे मला कुणी वेगळं शिकवायला नको.

आणि मी काही झाडाखाली कुडकुडत बसले नव्हते. डोंगरात इथल्या संवर्धन खात्याच्या साडेनऊशेहून जास्त हट, म्हणजे मुक्कामाच्या झोपड्या, आहेत. माझ्या हटमध्ये झोपायला फळ्यांवर गाद्या होत्या, लाकडाची शेगडी होती, छतावरचं पाणी साठवणारी टाकी होती. दाराशी एक वही असते. कोण, कुठून आलं, पुढे कुठे जाणार, कधी, सगळं लिहायचं. मुक्काम केला नाही तरी लिहायचं, म्हणजे कुणी हरवलंच तर कुठून शोधायला लागायचं ते कळतं. शिवाय माझ्याकडे भाड्याने घेतलेला बीकन असतो. कळ दाबली की उपग्रहामार्फत बचाव केंद्राला माझा ठावठिकाणा जातो. नदीसाठी मी तो दाबला नाही, कारण मला वाचवायचं काही नव्हतंच. फक्त थांबायचं होतं.

एवढ्या दोन दिवसांत माझं नुकसान केलं ते केआने. हा डोंगरातला हिरवट पोपट. आपल्या अंगणात येणारे पोपट याच्यापुढे अगदी सभ्य. मी दाराबाहेर ठेवलेल्या बुटाची नाडी त्याने ओढून ओढून तोडली, आणि मी धावत गेले तर पळून न जाता मान वाकडी करून माझ्याकडे बघत राहिला. मोटारींच्या खिडक्यांचं रबरसुद्धा सोलतात मेले. खायला मात्र काही द्यायचं नाही, त्यांच्याच जिवाला घातक असतं. आई, तुला तो आवडला असता. दादा लहानपणी असाच होता म्हणतेस ना.

आता खरं काय ते.

मी परतीचं तिकीट पुढे ढकललंय. २ मार्चला नाही, ९ एप्रिलला निघतेय. विचारत नाहीये, झालंय. परवाच केलं.

म्हणजे ६ मार्चला बाबांच्या डोळ्याच्या ऑपरेशनला मी नसेन. आणि बाबा, कृपा करून पुन्हा तारीख पुढे नेऊ नका. दोनदा नेलीत, दोन्ही वेळा माझ्यासाठी, हे मला माहितीय. मोतीबिंदू असा राखून ठेवायची वस्तू नाही. ऑपरेशन काही मिनिटांचं असतं, त्याच दिवशी घरी सोडतात. वहिनीने रजा टाकली आहे, दादा ने-आण करणार आहे. मी तिथे असते तर काय केलं असतं? बाहेर बाकावर बसून नखं खाल्ली असती आणि आईला आणखी घाबरवलं असतं.

कारणं हवीत तर पुष्कळ आहेत. व्हिसा मेपर्यंत आहे. इथल्या नावाजलेल्या वाटांवर हटचं आरक्षण मिळणं कठीण, मला दोन वाटांवर मिळालं: इथली रकिउरा ट्रॅक, ३२ किलोमीटर, तीन दिवस, आणि मार्चच्या मध्यात केप्लर, ६० किलोमीटर. मग वर कायकोउराला. तिथे किनाऱ्याजवळच समुद्राचा तळ एकदम खोल जातो, म्हणून मोठे देवमासे अगदी जवळ येतात. पुन्हा एवढ्या लांब कधी येणं होईल? नोकरी तर सोडलीच आहे, पाच आठवड्यांनी तिचं काय बिघडणार आहे?

सगळी कारणं खरी आहेत. पण ती मी तिकीट बदलल्यावर शोधली. मला इतक्यात यावंसं वाटत नाही, एवढंच होतं. तुमच्याकडे यावंसं वाटत नाही असं नाही हं. आई, हे वाक्य दोनदा वाच.

आणखी एक कबुली. इथल्या क्वीन्सटाउनजवळ कावाराऊ नदीवर १८८० चा एक पूल आहे. १९८८ पासून लोक त्यावरून पायाला दोर बांधून उड्या मारतात. ४३ मीटर. मीही मारली. तीन आठवडे झाले, म्हणजे आता घाबरण्यात अर्थ नाही. आधी वजन करतात, मग पुन्हा करतात, आकडा मार्करने हातावर लिहितात आणि त्यावरून दोर ठरवतात. घोट्यांना टॉवेल गुंडाळून वर पट्टे आवळतात. मी कडेवर उभी राहिले आणि बाबा, मला तुमचा सायकल शिकवतानाचा आवाज आठवला: "मी धरलंय, मी धरलंय." तुम्ही धरलेलं नव्हतंत. मला तेव्हाही माहीत होतं.

उडी मारली, ओरडले, खाली रबरी होडीतल्या माणसाने काठी पुढे केली, ती पकडली. झालं. खरंच झालं, एवढंच होतं ते. वर चढून येईपर्यंत कॉफी प्यावीशी वाटायला लागली होती. त्याच भागात १३४ मीटरचीही उडी आहे. ती मारली नाही, मारणार नाही. घरून निघताना वाटलं होतं की उड्या, दोर, रबरी होड्या यांच्यासाठीच जातेय. ते सगळं मजेचं आहे, पण मला थांबवून ठेवलंय दुसऱ्याच गोष्टीने.

दक्षिण किनाऱ्यावर क्युरिओ बे म्हणून जागा आहे. ओहोटीला तिथे दगड झालेलं जंगल उघडं पडतं, सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीचं, ओंडक्यांच्या रेषा अजून दिसतात. संध्याकाळी तिथे पिवळ्या डोळ्यांचे पेंग्विन समुद्रातून घरी येतात. इथे त्यांना होइहो म्हणतात. किमान पन्नास मीटर दूर राहायचं, आणि दिसायचं नाही. किनाऱ्यावर माणूस दिसला तर पेंग्विन बाहेरच येत नाही, पाण्यात ताटकळतो, आणि वर झुडपात पिल्लू उपाशी राहतं. मी दोन तास बसले होते. वारा असा की नाक आहे की गेलं कळेना. बाबांची दुर्बीण गळ्यात. शेवटी एक आला. लाटेने त्याला खडकावर अक्षरशः टाकलं. उठला, अंग झटकलं, चार पावलं चालला, थांबला. तुम्ही भाजीची पिशवी घेऊन जिन्याच्या वळणावर दम खाता ना, आणि कुणी बघितलं तर पिशवी नीट करतोय असं दाखवता, हुबेहूब तसा. मला हसूही आलं आणि पुढचं काही नीट दिसेना. दुर्बिणीची काच ओली झाली म्हणू या.

त्यानंतर मी ओटागोला रॉयल अल्बाट्रॉसही पाहिले, पंख पसरले की तीन मीटर. पिल्लं नुकतीच अंड्यातून निघाली होती. ती मोठी झाली की एक दिवस एकटीच उडतात आणि काही वर्षं समुद्रावरच असतात, मग परत त्याच टेकडीवर येतात. आई, हा टोमणा नाही, पक्ष्यांचं सांगतेय. आणि इथल्या किवींचं उलटं. या बेटावरचे किवी कुटुंब करून राहतात, पोरं कित्येक वर्षं आईबापांजवळच, अंडी उबवायलाही मदत करतात. दादासारखी. त्याला हे वाचून दाखवू नका.

किवी मला अजून दिसलेला नाही. काल रात्री गावाबाहेरच्या वाटेवर ऐकला, चढत जाणारी शीळ, एकामागोमाग एक. त्याच्या नाकपुड्या चोचीच्या टोकाला असतात, जमीन हुंगताना फुसफुस करतो म्हणतात. टॉर्चवर लाल कागद लावून तासभर उभी होते. आज पुन्हा जाणार. एकटी नाही, वसतिगृहातल्या दोघीजणी आहेत. आणि आई, या देशात साप नाहीत. नाहीतच. म्हणून अंधारात पाय ठेवताना मला तुझी काठी आठवत नाही.

बाकी माझं छान चाललंय. मुलींची वेगळी खोली, गरम पाणी, स्वयंपाकघर. डाळ-तांदूळ दुकानात मिळतात. तू दिलेला मसाला विमानतळावर उतरल्याबरोबर लिहून दाखवला. न सांगता खायची वस्तू आणली तर चारशे डॉलर दंड आहे. त्यांनी बघितला, वास घेतला, परत दिला. माझ्या बुटांची माती मात्र त्यांना पसंत पडली नाही, धुऊन दिले. इकडे येताना बोटीत एक तास पोटात जे काही होतं ते फोव्हो सामुद्रधुनीला अर्पण केलं. आता बरी आहे. अपघात झाला तर उपचाराचा बराच भार इथलं सरकारी मंडळ उचलतं, पाहुण्यांचासुद्धा. आजारपणासाठी विमा आहे, कागद दादाकडे.

आता माझं ऐका.

बाबा, थेंब घालायच्या आधी हात साबणाने. बाटलीचं टोक डोळ्याला लागू द्यायचं नाही. डोळा चोळायचा नाही, खाली वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, डॉक्टर हो म्हणेपर्यंत. "मला काही होत नाही" हे वाक्य महिनाभर बंद. आई, तू त्यांच्या थेंबांच्या नादात स्वतःची बीपीची गोळी विसरणार, म्हणून ती थेंबांच्या बाटलीशेजारीच ठेव. आणि स्टुलावर चढून माळ्यावरचं काही काढायचं नाही. काय हवंय ते मी आल्यावर काढीन. गेल्या वेळचं प्लॅस्टर विसरलीस?

तुमचे सकाळचे आठ म्हणजे माझे दुपारचे साडेतीन. २१ ते २३ मी चालत असेन, फोन लागणार नाही. २४ला रात्रीपर्यंत आला नाही तरी काळजी नको, २५ला मात्र नक्की येईल. बघा, या वेळी पाऊस धरून सांगितलंय. बाबा, गॅलरीत बसायचं नाही.

६ तारखेला मी तुमच्या सकाळी सहाला उठवीन. पट्टी काढली की पहिल्यांदा काय दिसलं ते मला सांगायचं. आईचा चेहरा असं म्हणू नका, खोटं वाटेल.

तुमचं शेंडेफळ

ता. क. उडीचा व्हिडिओ दादाकडे आहे. बघायचाच असला तर आवाज बंद करून बघा. मी तुम्हाला दोघांनाही हाका मारल्यात, पण त्याआधी एक शब्द आहे.