नाटकाचं हँडबिल रद्दीत देऊ नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी झाली की झाडीपट्टीत, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भात, मंडया म्हणजे गावजत्रा सुरू होतात, वडसा गावच्या नाटक कंपन्यांच्या तारखा लागतात आणि मग उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत गावोगावी रात्र रात्र नाटकं चालतात, हे तुमच्या वाचकांना मी काय सांगावं. मी पीएचडीसाठी या नाटकांच्या हँडबिलांवर काम करते आहे. हँडबिलं म्हणजे तीच, गुलाबी पिवळ्या पातळ कागदाची, वर शंकरपटानिमित्त (म्हणजे बैलांच्या शर्यतीनिमित्त) किंवा मंडईनिमित्त असं लिहिलेलं, खाली खुर्ची आणि जमिनीचे तिकीट दर, आणि सगळ्यात शेवटी बारीक अक्षरात ऑर्गनवाल्याचं आणि ढोलकीवाल्याचं नाव. ती नावं दुसरीकडे कुठेच छापलेली मिळत नाहीत हो, म्हणून मला तो कागद हवा असतो.

मागच्या वर्षी आपल्याच शहरातल्या एका संस्थेत जुनी नाट्यविषयक कागदपत्रं आहेत असं कळलं म्हणून मी चार चकरा मारल्या. पहिल्यांदा सांगितलं साहेब सुट्टीवर आहेत, मग चावी दुसऱ्या साहेबांकडे, मग कॉलेजचं पत्र आणा, पत्र आणलं तर म्हणे यादीच केलेली नाही तर काय दाखवू. तिथला शिपाई चांगला माणूस होता, त्याने दाराच्या फटीतून मला गठ्ठे दाखवले, सुतळीने बांधलेले, वरच्या गठ्ठ्याला वाळवीची माती लागलेली. मला रडूच आलं तिथे.

त्यानंतर काही महिन्यांनी बहिणीकडे लंडनला जायचा योग आला आणि तिथल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमचं नवं स्टोअरहाऊस बघितलं, त्यासाठीच हे पत्र लिहिते आहे. 31 मे 2025 ला ते ऑलिंपिक पार्कमध्ये लोकांसाठी उघडलं. अडीच लाखांच्या वर वस्तू, साडेतीन लाख पुस्तकं आणि कलाकार, डिझायनर, नाटक कंपन्या वगैरेंचे हजारेक कागदपत्रसंग्रह एका छताखाली आहेत. पण आकड्यापेक्षा मला पद्धत आवडली. घरबसल्या वेबसाइटवर यादी बघायची, हवी ती वस्तू निवडायची, कमीत कमी दोन आठवडे आधी बुक करायचं, एका वेळेस पाच वस्तू, आणि पैसे काहीच नाही. तुम्ही कोण, कोणत्या कॉलेजचे, कोणाच्या ओळखीने आलात असलं काही विचारत नाहीत, शिकणारा पोरगा असो की घरात शिवणकाम करणारी बाई. पेन बाहेर ठेवायचा, फक्त पेन्सिल, हात स्वच्छ आणि कोरडे. मग तिथल्या बाईंनी एक खोका आणून त्यातून शंभरेक वर्षांपूर्वीचं एका थिएटरचं हँडबिल काढून माझ्यापुढे ठेवलं. कागद आपल्यासारखाच हलका, शाई एका कोपऱ्यात फुटलेली, मागच्या बाजूला कोणीतरी पेन्सिलीने हिशेब मांडलेला. मी कितीतरी वेळ तो हिशेबच बघत बसले, कारण अगदी असाच हिशेब माझ्याकडच्या एका हँडबिलामागे आहे, चहा, बिडी बंडल आणि बैलगाडीचं भाडं.

तिथला हा नाटकाच्या कागदांचा संग्रह कोणा सरकारने नाही सुरू केला. गॅब्रिएल एन्थोव्हन नावाच्या एका बाईंना नाटकाचं वेड, त्यांनी स्वतः हँडबिलं जमवली, ऐंशी हजारांच्या वर झाली, म्युझियमने घ्यावी म्हणून 1911 पासून मागे लागल्या आणि 1924 मध्ये म्युझियमने ती घेतली. देऊन घरी नाही बसल्या, 1950 ला जाईपर्यंत स्वतः तिथे यादी करत राहिल्या. आज तिथे नाटकाचा जो एवढा मोठा विभाग आहे त्याचं मूळ हे आहे.

मला म्हणायचं एवढंच की नागपुरात हे का होऊ नये. आपला अजब बंगला 1863 चा आहे, म्हणजे म्युझियम काय असतं ते या शहराला दीडशे वर्षांपासून माहीत आहे. 2019 ला 99 वं नाट्यसंमेलन इथेच झालं, झाडीपट्टीचे नाट्यकलावंत परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आपण सगळ्यांनी आनंद केला, पण त्यांच्यासारख्यांच्या तरुणपणीच्या प्रयोगांचे कागद बघायचे म्हटलं तर कोणत्या दारात जायचं? मोठी बिल्डिंग नको मला. एक कोरडी खोली, लोखंडी रॅक, एक माणूस जो यादी करेल, आणि आठवड्यातून दोन दिवस ते दार सगळ्यांसाठी उघडं. यादी आधी, बाकी सगळं नंतर, कारण यादी नसेल तर असलेली वस्तूही नसल्यासारखीच होते, ते मी चार चकरांमध्ये बघितलं आहे.

आणि वाचकांना हात जोडून विनंती. घरात कोणी नाटकात काम करणारे, पेटी वाजवणारे, पडदे रंगवणारे असतील तर त्यांची ट्रंक भंगारवाल्याला द्यायच्या आधी एकदा उघडून बघा. फाटलेल्या कागदाला सेलोटेप लावू नका, काही वर्षांत त्याचा गोंद तपकिरी होऊन अक्षरात उतरतो. लॅमिनेशन तर अजिबात नको, ते मग काढता येत नाही. हँडबिलाच्या मागे कोणी काही खरडलं असेल तर ते पुसू नका. फोटो असेल तर कोण उभं आहे ते घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आजच विचारून वेगळ्या कागदावर लिहून ठेवा.

माझे मामा एका कंपनीत प्रॉम्प्टर होते. त्यांचं 200 पानी रजिस्टर मामी गेल्यावर घर आवरताना रद्दीच्या ढिगात सापडलं, पुढची पानं वाळवीने खाल्लेली. समासात त्यांच्या हातचं लिहिलेलं आहे, इथे ऑर्गन, इथे थांबणे, पाऊस आल्यास हा प्रवेश गाळणे. असं दार नागपुरात उघडलं तर मी ते रजिस्टर आणि माझ्याकडची सगळी हँडबिलं पहिल्याच दिवशी नेऊन देईन. तोवर ते पोथीसारखं बासनात बांधून माझ्या कपाटात साड्यांच्या वर ठेवलं आहे.

आपली,
एक संशोधक विद्यार्थिनी,
महाल, नागपूर