शेंगांचं सूप पुढं सरकवणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

शाल-श्रीफळ घ्यायला तुम्ही कुठल्या स्टेजवर यायच्या नाहीत. घरी येऊन आभार मानायला लागले तर ‘चहा घे आणि गप बस’ म्हणाल. म्हणून हे चारचौघांत लिहिते. नेपाळमधल्या भक्तपूरहून आल्यापासून कुणी तिकडचं काही विचारलं की मी तुमच्याबद्दलच बोलायला लागते आणि मधेच घसा दाटतो. एकदा लिहून मोकळं झालेलं बरं.

नेपाळमधल्या वीटभट्ट्यांवरच्या मुलांसोबत काम करायचं मनात आलं, तेव्हा तुमच्याकडे येण्याआधी मी बऱ्याच जणांचे उंबरे झिजवले होते. एका एजन्सीनं तर पॅकेजच पुढं केलं. दोन आठवडे अनाथाश्रम, शेवटी चितवनची जंगल सफारी, टी-शर्ट, प्रमाणपत्र, पैसे आगाऊ. आम्ही निघून आल्यावर मुलांचं काय होतं, असं विचारलं तर उत्तर आलं, ‘मॅडम, मुलं खूप खूश होतात.’ तिथल्या बालगृहांतल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. २०१५ च्या भूकंपानंतर युनिसेफनं अशा अनाथाश्रम-स्वयंसेवेपासून लांब राहायला सांगितलं होतं. पॅकेज विकणाऱ्यांना हे माहीत नसेल? पण त्यांना सफारीचे फोटो जास्त महत्त्वाचे. नातेवाइकांचं वेगळंच. ‘इथली पोरं संपली काय?’

तुम्ही मात्र मला वेड्यात काढलं नाहीत. म्हणालात, ‘जा की. पण आधी तळावर चल.’

कारखान्याचा तळ मी लांबून पाहिला होता. दिवाळीनंतर बीडकडून आलेल्या ऊसतोड्यांच्या कोप्या, बैलगाड्या, चुलींचा धूर. आत कधी गेले नव्हते. माझ्या पिशवीत हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची रंगीत कार्डं होती. डोक्यात मुलांना भावना ओळखायला आणि सांभाळायला शिकवण्याचा, नुकताच केलेला ऑनलाइन कोर्स होता. १९९४ साली अमेरिकेत ‘केसेल’ ही संस्था निघाली, तिनं मांडलेली पाच कौशल्यं मला तोंडपाठ: स्वतःची जाणीव, स्वतःवर ताबा, दुसऱ्याची जाणीव, नातं जोडणं, जबाबदारीनं निर्णय घेणं. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत, ‘बरं आहे’ म्हणालात आणि एका कोपीसमोर पोत्यावर बसलात.

तिथं ती आठेक वर्षांची पोर होती. भाऊ कडेवर, तोंडाला कुलूप. नाव विचारलं तरी गप्प. मी कार्डं काढणार, तेवढ्यात तुम्ही भुईमुगाच्या शेंगांनी भरलेलं सूप आमच्या दोघींच्या मधे सरकवलंत. ‘काय विचारू नकोस. नुसत्या फोडत बस.’

बाई, मी तुमची ऋणी आहे ती त्या सुपासाठी. बाकी मदतही पुष्कळ केलीत, पण तिचं मी इथं लिहीत बसत नाही.

आम्ही फोडत बसलो. तिनं भावाला खाली ठेवलं. एक शेंग फोडून तिनं आतला दाणा नखानं उकरला, ‘किडका’ म्हणाली आणि फेकला. मग पुन्हा शांत. पुष्कळ वेळानं, मान वर न करता म्हणाली, ‘राती कोपीत साप आला. म्या बाळाला उचललं.’ माझ्या तोंडातून ‘घाबरायचं नाही हं’ निघणारच होतं. तुम्ही आधीच बोललात, ‘भ्या वाटलं आसंल. मला तर लई वाटलं आसतं.’ तेव्हा तिनं पहिल्यांदा तुमच्याकडं नीट पाहिलं. मग साप केवढा होता, कुठून आला, बापानं कोयता कसा उचलला, सगळं आलं बाहेर. माझ्या कार्डांवर भीतीचा चेहरा जांभळ्या रंगाचा होता. तो पिशवीतच राहिला.

भक्तपूरच्या भट्ट्यासुद्धा थंडीपासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंतच चालतात. डोंगराकडच्या जिल्ह्यांतून घरंच्या घरं येतात, हंगाम संपला की निघून जातात. बोली वेगळी, पण तळ तोच. तिथंही थंडीत उन्हाला बसून शेंगा खातात, त्यामुळे तुमची युक्ती नेपाळात न्यायला मला काही कष्ट पडले नाहीत.

तुमची दुसरी ताकीद जास्त जड गेली. ‘तू येणार निघून, तिथली मास्तरीण ऱ्हाणार. तिच्या मागं बस.’ म्हणून रोज सकाळच्या गोलात मुलांना ‘आज कसं वाटतंय’ हे तिनं विचारायचं आणि मी साहित्य मांडायचं, असं ठरवलं. मी कधी जाणार ती तारीखही पहिल्याच दिवशी मुलांना सांगून टाकली. नंतर वाचण्यात आलं, की २०११ साली शाळांतून अशी भावनिक कौशल्यं शिकवणाऱ्या २१३ उपक्रमांचा एकत्र अभ्यास छापून आला होता. त्यात मुलांच्या अभ्यासातही फरक दिसला, तो शाळेतल्याच माणसांनी उपक्रम चालवला तिथं. बाहेरून येऊन शिकवणाऱ्यांच्या बाबतीत तसा दिसला नाही. तुम्ही हे पोत्यावर बसून, एका वाक्यात सांगितलं होतंत.

कोल्हापूरला परक्याचं पोर सांभाळायची सवय जुनी आहे. शाहू महाराजांनी जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी केली, १९१७ ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. त्यांच्या जयंतीला आपण भाषणं भरपूर करतो. पण हंगामात तळावर जाऊन पोत्यावर बसणारी माणसं शोधावी लागतात. ती सापडतात, हे माझं नशीब. चांगुलपणाला बॅनर लागत नाही, आणि बॅनर लावणाऱ्यांना तो बहुतेक वेळा ठाऊकही नसतो. असो, तुम्हाला हे असलं बोलणं आवडायचं नाही.

तिकडची शिक्षिका तुमच्याशी बोलायचं म्हणतेय. हिंदी तिला छान येतं. तुमच्या त्या बटणांच्या फोनवर व्हिडिओ कॉल कसा लावायचा हे मात्र मला सुचेना. नातवाला रविवारी दहा वाजता घरी थांबवून ठेवा, मी येते.

तुमची,
तळावर नवखी आलेली पोर