न निवडलेल्या माणसांची पंगत : मुलास पत्र

प्रिय बाळास,
प्रभू येशूच्या नावाने सप्रेम सलाम व अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. ते मी सावकाश आणि पुन्हा पुन्हा वाचले. ख्रिस्ताचा शिष्य म्हणून जगण्याची तुझी इच्छा कमी झालेली नाही, पण त्यासाठी एखाद्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, नाव असावे आणि दर रविवारी तिथे जाऊन बसावे याची आता गरज वाटत नाही, असे तू लिहितोस. बेंगळुरूत रविवारी सकाळी खोलीवर बसून तू फोनवर प्रवचन ऐकतोस, रोज शास्त्र वाचतोस, प्रार्थना करतोस आणि पगाराचा दशांश न चुकता बाजूला काढून एका अनाथाश्रमाला देतोस. हे वाचून मला समाधान वाटले. तुझ्या निष्ठेविषयी माझ्या मनात शंका नाही, हे आधीच सांगते. तरीही तू काढलेला निष्कर्ष मला पटत नाही, आणि तो का पटत नाही हे आई म्हणून आणि या मंडळीची एक सभासद म्हणून तुला सविस्तर लिहिणे मला भाग आहे.

मार्काच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात येशूने केलेली बारा शिष्यांची निवड सांगितली आहे. त्यांनी आपल्याबरोबर असावे हा त्या निवडीचा पहिला हेतू तिथे दिला आहे. उपदेशाला पाठवण्याची गोष्ट त्याच्यामागून येते. आता त्या बारांत कोण होते ते पाहा. एक मत्तय, जकात वसूल करणारा आणि त्यामुळे लोकांच्या नजरेत परक्या सत्तेचा हस्तक. दुसरा शिमोन, ज्याला जिलोत म्हणत, म्हणजे आपल्या राष्ट्राच्या आणि धर्माच्या अभिमानाने पेटलेला. बाजारात समोरासमोर आले असते तर या दोघांनी एकमेकांचे तोंडही पाहिले नसते, आणि प्रभूने त्यांना एका पंगतीला बसवले. त्यांनी एकमेकांना निवडले नव्हते. त्यांना निवडणारा दुसराच होता. मंडळी म्हणजे काय याचे उत्तर मला नेहमी इथेच सापडते. फोनवरचा उपदेशक तू निवडतोस, नाही आवडला तर बदलतोस. अनाथाश्रमही तूच निवडलास. तुझ्या या सगळ्या साधनेत तू न निवडलेला माणूस एकही नाही, आणि मला काळजी वाटते ती एवढ्याचसाठी.

चौथ्या शतकात कैसरियाचे बिशप बासिल यांनी एकांतात राहून साधना करू पाहणाऱ्यांना विचारले होते की, तुम्ही एकटेच राहिलात तर पाय कोणाचे धुणार? योहानाच्या तेराव्या अध्यायातला तो प्रसंग तुला पाठ आहे. पण ज्यांचे पाय प्रभूने धुतले त्यांत त्याला धरून देणारा यहूदाही होता आणि थोड्या वेळाने आपल्याला नाकारणारा पेत्रही होता, हे आपण वाचताना घाईने ओलांडतो. तुम्ही माझे शिष्य आहात हे सर्वांना कशावरून कळेल, तर तुमच्या एकमेकांवरील प्रीतीवरून, असे त्याने त्याच रात्री सांगितले. ती ‘एकमेकांवरील’ प्रीती एकट्याला आचरता येत नाही, मग त्याचे ज्ञान कितीही खोल असो.

तू म्हणशील, आई, पुस्तकातली मंडळी निराळी आणि आपली निराळी. आपल्या मंडळीत नुसती भांडणे आहेत. भांडणे आहेत, हे मी नाकारत नाही. पण पुस्तकातली मंडळी नीट वाच. प्रेषितांच्या कृत्यांच्या दुसऱ्या अध्यायात सर्व जण प्रेषितांच्या शिक्षणात, सहवासात, भाकर मोडण्यात आणि प्रार्थनेत तत्पर होते असे येते, आणि सहाव्या अध्यायात लगेच रोजच्या अन्नवाटपावरून कुरकुर सुरू झालेली दिसते. ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांना डावलले जात होते. प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना गप्प केले नाही, त्यांच्या विश्वासाची उणीदुणीही काढली नाहीत. मंडळीला बोलावून सात माणसे निवडायला सांगितली. त्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. ज्यांच्यावर अन्याय होत होता त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती वाटप गेले असावे, असे त्यावरून दिसते. हिशेब, धान्य, विधवांची यादी असल्या कामासाठी आत्म्याने पूर्ण अशी माणसे निवडा, असे तिथे म्हटले आहे. आपल्या मंडळीच्या तरुण संघाच्या फंडाचा हिशेब तू मागितलास, तेव्हा ‘हा काही आध्यात्मिक विषय नव्हे’ असे तुला मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीतल्या एकाने भर सभेत सुनावले. मला वाटते, त्यांनी हा अध्याय पुन्हा उघडावा.

पुढे अंत्युखिया शहरात, जिथे शिष्यांना ख्रिस्ती हे नाव प्रथम मिळाले, तिथेही पंगतीचाच प्रश्न आला. यरुशलेमेहून काही जण येईपर्यंत पेत्र परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहूदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांबरोबर, जेवत होता. ते आल्यावर तो मागे सरला, आणि पौलाचा सहकारी बर्णबाही त्याच्याबरोबर ओढला गेला. प्रेषित पौलाने सर्वांसमक्ष पेत्राला तोंडावर सांगितले की तू सुवार्तेच्या सत्याला धरून चालत नाहीस. कोणाबरोबर जेवावे हा पौलाला शिष्टाचाराचा भाग वाटला नाही. करिंथच्या मंडळीत काही जण आधी जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत, तेव्हा त्याने त्यांना लिहिले की अशा रीतीने तुम्ही जे करता ते प्रभूचे भोजन, म्हणजे त्याच्या स्मरणार्थ घ्यायची भाकर आणि पेला, नव्हेच.

हे सगळे मी लांबून सांगत नाही. आपल्या नगरच्या मातीत हा प्रश्न किती खोल रुजला होता हे तुला ठाऊक असले पाहिजे. अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ साली नगरला सुरू झाले तेव्हापासून, ब्राह्मण घरातून आलेला आणि महारवाड्यातून वा मांगवाड्यातून आलेला यांनी एकाच पेल्यातून प्रभुभोजन घ्यायचे की नाही, हीच शिष्यत्वाची खरी कसोटी होती. ज्याने बाप्तिस्मा घेतला पण पंगत टाळली, त्याने अजून फारसे काही सोडलेले नव्हते. लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण मला यात सर्वांत प्रामाणिक वाटते. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत झाला. लक्ष्मीबाई त्यानंतर कित्येक वर्षे सोवळे सांभाळून राहिल्या. जात देवाने केली की माणसाने, हा विचार करता करता त्यांची खात्री पटली, आणि त्यांनी आधी कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचे ठरवले. बाप्तिस्मा त्याच्यामागून आला. त्यांच्या मनातला ख्रिस्त असा पंगतीच्या वाटेने आत आला.

ती लढाई संपली आहे असे मात्र मी तुला सांगणार नाही. आपल्या मंडळ्यांत अजूनही सोयरीक जुळवताना ‘मूळचे कोण’ हे हळू आवाजात विचारले जाते, आणि विचारणारे त्याच सकाळी एका ताटातली भाकर घेऊन आलेले असतात. याने मला संताप येतो. पण यावर उपाय म्हणून ज्यांना हे सलते त्यांनीच मंडळी सोडली, तर पंगतीला कोण उरतील याचा विचार कर.

तू टिळकांचाच दाखला देशील, कारण मागे एकदा तू तो दिला होतास. टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडली. परदेशी पद्धतीच्या मंडळीत भारतीय माणसाचा जीव गुदमरतो, असे त्यांना वाटत होते, आणि त्यात पुष्कळ तथ्य होते. पण नोकरी सोडून ते एकांतात गेले नाहीत. त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभा करायला घेतला: बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा ख्रिस्ताच्या सर्व शिष्यांचा एक बंधुवर्ग. मंडळीचे दार अरुंद झाले म्हणून त्यांना ते रुंद करायचे होते, आणि १९१९ मध्ये मृत्यूने गाठेपर्यंत त्यांचे मन त्याच कामात होते. पंडिता रमाबाईंचेही तसेच. धर्मगुरूंशी वाद घालायला त्या कधी कचरल्या नाहीत, आणि कोणत्याही एका पंथाच्या चौकटीत त्या पूर्णपणे मावल्या नाहीत. पण त्यांचे शिष्यत्व केडगावला त्यांच्या ‘मुक्ती’ आश्रमात, दुष्काळातून आणलेल्या मुली, विधवा आणि अंध स्त्रिया यांच्या गजबजाटात घडले. मूळ भाषांवरून त्यांनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर तिथल्याच छापखान्यात, तिथल्याच मुलीबायकांच्या हातांनी छापले गेले. १९२२ साली रमाबाई गेल्या आणि १९२४ साली ते पुरे प्रसिद्ध झाले. इतके पांडित्य असलेल्या बाईला एकटीने अभ्यास करत राहणे किती सोपे होते!

आता आपल्या घराजवळचे सांगते. प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी आम्ही तिघी मंडळीच्या मागच्या खोलीत जमतो. काळ्या मनुका रात्रभर भिजवलेल्या असतात. त्या उकळून, कुस्करून पांढऱ्या फडक्यातून दोनदा गाळाव्या लागतात, नाहीतर पेल्यांच्या तळाशी गाळ बसतो. काचेचे लहान पेले कोमट पाण्यात धुवून स्वच्छ पंच्यावर पालथे घालायचे, पावाच्या कडा काढून तुकडे करायचे, तबकावर झाकण घालायचे. आमच्या तिघींत एक जण कोण असते ते तुला माहीत आहे. कंपाउंडच्या भिंतीवरून त्यांच्या घराशी आपला व्यवहार तुटला तेव्हा तू शाळेत होतास. आम्ही दोघी घरी एकमेकींकडे जात नव्हतो, पण शनिवारी मी पेला धुवायचा आणि तिने तो पुसायचा, हे काही चुकले नाही. प्रारंभी आम्ही कामापुरतेच बोलत असू. पुढे तुझ्या वडिलांना दवाखान्यात ठेवले, तेव्हा दुसऱ्या दिवशी दुपारी जिन्यावरून डबा घेऊन वर आली ती हीच. भाकरी, मेथीची भाजी आणि वेगळ्या डबीत, वडिलांना पथ्य म्हणून, बिनमिठाचे वरण. तिला कोणी सांगितले नव्हते. भिंतीचा वाद अजून मिटलेला नाही, आणि तो आमच्या हयातीत मिटेलच असे मी म्हणत नाही; पण कोणत्याही प्रवचनाने मला जे शिकवले नसते ते त्या बिनमिठाच्या वरणाने शिकवले, आणि मागच्या खोलीत आम्ही एकत्र उभ्या राहिलो नसतो तर ती त्या जिन्याने वर आली नसती.

मंडळीही तुझे काही देणे लागते आणि ते तिने फेडलेले नाही, हे मला मान्य आहे. तुझा बाप्तिस्मा तान्हेपणी झाला. आपल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात १९७० साली नागपूरला सहा परंपरा एक झाल्या, तेव्हा लहान मुलांचा बाप्तिस्मा मानणारे आणि फक्त प्रौढांचा मानणारे असे दोघेही तीत आले आणि दोन्ही रीती राहिल्या. पण रीत कोणतीही असो, हे मूल ख्रिस्ताच्या मार्गाने वाढावे म्हणून आम्ही साहाय्य करू, असे वचन त्या दिवशी सबंध मंडळीने उभे राहून दिले होते. भर सभेत तुला गप्प बसवणारे गृहस्थही त्यांत उभे होते. तू त्यांना त्या वचनाची आठवण देऊ शकतोस, आणि मला वाटते तू ती द्यावीस.

कशी द्यावी हेही लिहून ठेवलेले आहे. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात प्रभूने सांगितले की भावाने अपराध केला तर प्रथम त्याला एकांतात गाठ; ऐकले नाही तर एकदोघांना बरोबर घे; मग मंडळीला कळव. तू यातले कोणतेच केले नाहीस आणि त्यांनीही केले नाही. तुम्ही दोघांनी फक्त एकमेकांना टाळले. हिशेबाचा प्रश्न योग्य आहे, तो सोडू नकोस. पण तो त्यांना स्वतः लिही, माझ्यामार्फत नको, आणि तरुण संघाच्या व्हॉट्सॲप गटावर तर मुळीच नको. उत्तर आले नाही तर पाळकसाहेबांना आणि मंडळीतल्या आणखी एका वडीलधाऱ्यांना सोबत घे. मी पाळकसाहेबांच्या कानावर एवढेच घातले आहे की तुझे पत्र येईल.

आणि बेंगळुरूत एखादी मंडळी शोध. मराठीच असली पाहिजे असा माझा आग्रह नाही. कन्नड असो, तमिळ असो, इंग्रजी असो, चालत जाता येईल अशी असावी, आणि तिथे वृद्ध माणसे आणि रडणारी मुले असावीत. पहिल्या रविवारी पाळकांना भेटून आपले नाव सांग आणि काही काम आहे का ते विचार. खुर्च्या मांडायला सांगितल्या तर मांड. इथले पत्र मात्र त्याआधी पाठव, कारण वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट करायला जाण्याचा क्रम प्रभूने घालून दिलेला आहे, आणि पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी तिथेही प्रभुभोजन असेल.

वडिलांची तब्येत बरी आहे. त्यांनीही हे पत्र वाचले आहे. ते स्वतंत्र लिहिणार आहेत.

तुझी,
आई